लॅक्स्टन : इंग्लंडमधल्या एका शेतकरी खेड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधलं खेडं म्हटलं की दगडी घरं, चर्च आणि हिरवी कुरणं डोळ्यांसमोर येतात. लॅक्स्टनमध्ये हे सगळं आहेच, पण या गावाची खरी ओळख त्याच्या शिवारात आहे. शेतीची, जमिनीच्या मोजणीची किंवा गावगाड्याच्या इतिहासाची आवड असणाऱ्यांना जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

लॅक्स्टन नेमकं कुठे आहे?

इंग्लंडच्या मध्य-पूर्व भागात, नॉटिंगहॅमशायर परगण्यात. नॉटिंगहॅम शहरापासून उत्तर-ईशान्येला साधारण ३० किलोमीटर आणि ट्रेंट नदीकाठच्या नेवार्क या बाजारपेठेच्या गावापासून वायव्येला सुमारे १५ किलोमीटर. पश्चिमेला दहाएक किलोमीटरवर शेरवुडचं जंगल. लंडनहून उत्तरेकडे जाणारा जुना हमरस्ता शेजारच्या टक्सफर्डवरून जातो, पण लॅक्स्टन त्या वर्दळीपासून थोडं आत आहे. वस्ती काहीशे माणसांची. मूरहाउस नावाची एक छोटी वाडीही याच गावाच्या हद्दीत येते.

जमीन कशी आहे?

लालसर, जड चिकण माती. भूगर्भशास्त्रात या थराला मर्सिया मडस्टोन म्हणतात. पाऊस वर्षाला ६०० ते ७०० मिलिमीटरच्या आसपास, पण तो बाराही महिने थोडा थोडा पडतो, त्यामुळे पाण्याची टंचाई हा इथला प्रश्न कधी नव्हता. प्रश्न आहे तो वाफशाचा. हिवाळ्यात ही माती चिखल होऊन बसते, उन्हाळ्यात दगडासारखी कडक होते, आणि मशागतीला योग्य असे दिवस मोजकेच मिळतात. असे दिवस मिळाले की सगळ्या गावाने एकदमच शेतात उतरायचं. या गावाची सामूहिक शिस्त समजून घ्यायची तर आधी ही माती समजून घ्यायला हवी, असं मला वाटतं.

मग या गावात एवढं वेगळं काय आहे?

मध्ययुगात इंग्लंडच्या मोठ्या भागात ज्या पद्धतीने शेती होत असे, ती पद्धत लॅक्स्टनमध्ये आजही चालू आहे, आणि तिची राखण करणारं गावचं कोर्टही दरवर्षी भरतं. जुन्या खुल्या शिवारांच्या खुणा डेव्हनमधल्या ब्रॉन्टनला आणि लिंकनशायरमधल्या ॲक्सहोम भागातही दिसतात. पण शिवार, पिकांची फेरपालट आणि कोर्ट ही तिन्ही एकत्र आणि जिवंत फक्त लॅक्स्टनमध्ये आहेत.

खुलं शिवार म्हणजे काय?

गावाची लागवडीची जमीन दोन, तीन किंवा चार प्रचंड मोठ्या शेतांत विभागलेली असायची. प्रत्येक शेत शेकडो एकरांचं. त्यात कुंपण नाही, झुडपांची रांग नाही, बांधही नाही. या मोठ्या शेताचे लांबट अरुंद पट्टे पाडलेले असत आणि प्रत्येक शेतकऱ्याकडे वेगवेगळ्या शेतांतले, वेगवेगळ्या ठिकाणचे पट्टे असत. पेरणी आपापली, पीकही आपापलं. पण कोणत्या शेतात कोणत्या वर्षी काय घ्यायचं, गुरं कधी सोडायची आणि कधी बाहेर काढायची हे सगळ्या गावाने मिळून ठरवायचं.

लॅक्स्टनमध्ये अशी तीन शेतं आज उरली आहेत: वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. पूर्वी एक लहानसं ईस्ट फील्डही होतं. ते वेस्ट फील्डच्या जोडीने कसलं जाई, नंतर ते वेगळं काढून कुंपणाने बंदिस्त झालं.

एकाच शेतकऱ्याची जमीन सलग का नव्हती?

आपल्याकडे वाटण्या होताना "काळी सगळ्यांना, माळही सगळ्यांना" असा आग्रह का धरला जातो हे ज्याने पाहिलंय, त्याला याचं उत्तर वेगळं सांगायला नको. गावात चांगली जमीन एका बाजूला, पाणथळ दुसऱ्या बाजूला आणि हलकी तिसरीकडे. प्रत्येकाला सगळ्या प्रतीची थोडी थोडी मिळाली की नशीबही वाटून घेतलं जातं. एका भागात पाणी साचून गहू पिवळा पडला तरी दुसऱ्या भागातला पट्टा हाताशी असतो.

दुसरं कारण नांगराचं होतं. जड मातीत चालणारा नांगर ओढायला आठ आठ बैल जुंपावे लागत. एवढे बैल एकट्या कुळाकडे कुठून असणार? चार-पाच घरं मिळून नांगर धरायचे, आणि नांगर जसा पुढे सरकेल तसे पट्टे वाटले जायचे, असं काही इतिहासकार मानतात. फेरपालट हे तिसरं कारण: दरवर्षी एक अख्खं शेत पड राहणार असेल तर प्रत्येकाची जमीन तिन्ही शेतांत असलीच पाहिजे, नाहीतर एखाद्याचं घर वर्षभर दाण्याला महाग व्हायचं.

पट्टे इतके लांब आणि थोडे वाकडे का असतात?

आठ बैलांची रांग वळवणं हे मोठं जिकिरीचं काम, म्हणून एका दमात जितकं लांब जाता येईल तितकं तास, म्हणजे नांगराची रेघ, ओढलं जाई. २२० यार्डांचा, म्हणजे साधारण २०० मीटरचा फर्लांग हा याच तासाच्या लांबीवरून ठरला. २२० यार्ड लांब आणि २२ यार्ड रुंद तुकडा म्हणजे एक एकर, आपले ४० गुंठे. महाराष्ट्रात तोंडी व्यवहार अजून एकरात चालतो, त्या एकराचा उगम अशा शिवारांत आहे.

वाकडेपणही बैलांमुळेच. शेताचं टोक जवळ आलं की पुढची जोडी आधीच डावीकडे घ्यावी लागे, त्यामुळे तासाला उलट्या एस अक्षरासारखा बाक येई. शतकानुशतकं माती एकाच बाजूला पडत राहिल्याने मधे उंचवटा आणि कडेला सरी असे लांब वरंबे तयार झाले. मध्य इंग्लंडमध्ये जिथे शेतं नंतर कुरणं झाली, तिथे तिरप्या उन्हात हे उंचवटे आजही स्पष्ट दिसतात.

तीन वर्षांची फेरपालट कशी चालते?

एका शेतात पहिल्या वर्षी शरद ऋतूत गहू पेरला जातो आणि पुढच्या ऑगस्टच्या सुमारास काढला जातो. दुसऱ्या वर्षी वसंतात पेरायची पिकं: बार्ली, वाटाणा, घेवड्याच्या जातीचं कडधान्य वगैरे. तिसऱ्या वर्षी पड. तीन शेतं या चक्रात एकेक पायरी मागेपुढे असतात, त्यामुळे गावात कोणत्याही वर्षी एक शेत गव्हाचं, एक वसंतातल्या पिकांचं आणि एक पड असतं.

पूर्वी पड शेतात सगळ्या गावाची गुरंमेंढरं चरायची आणि त्यांचं शेणखत तिथेच पडायचं. हल्ली पडीच्या वर्षी वैरणीसाठी काही घेण्याची मुभा आहे. रासायनिक खतांच्या काळात अशी विश्रांती कशाला, असं काहीजण विचारतात. गहू एके गहू घेऊन तण आणि रोग कसे बोकाळतात हे पाहिलेल्या शेतकऱ्याला तसा प्रश्न पडणार नाही.

बांध नाहीत, मग बांधावरून भांडणं होत नाहीत का?

होतात, आणि ती सोडवण्याची व्यवस्था हा लॅक्स्टनचा सगळ्यात मोलाचा वारसा आहे.

शेजाऱ्याच्या हद्दीत नांगराच्या एका तासाएवढं सरकायचं, पुढच्या वर्षी आणखी एक तास, हा बांध कोरण्याचा उद्योग जगात सगळीकडे सारखाच. लॅक्स्टनमध्ये दोन पट्ट्यांमधे फक्त एक सरी असते, त्यामुळे तो मोह जास्तच. म्हणून दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीला, गहू पेरून झाल्यावर, पंच मंडळी त्या वर्षीच्या गव्हाच्या शेतात उतरतात. ही ज्युरी गावातल्याच शेतकऱ्यांची, आणि त्यांच्यातलाच एक प्रमुख असतो. थंडीत, चिखलात ते पट्ट्यापट्ट्याने फिरतात. कुणाचा नांगर सामाईक रस्त्यावर आला आहे का, कुणी गवताच्या पट्टीत घुसलं आहे का, चर साफ आहेत का, हे पाहतात. जिथे हद्द पुसट झाली असेल तिथे खुंट ठोकून ती पुन्हा पक्की करतात. मग डव्हकोट इन या गावातल्या पबमध्ये जेवण होतं, आणि कुणाला किती दंड लावायचा ते तिथे ठरतं.

आठवड्याभराने कोर्ट लीट भरतं. हे जुन्या जमीनदारीतलं गावकोर्ट. मालकाच्या वतीने नेमलेला स्टुअर्ड अध्यक्षस्थानी असतो, बेलिफ पुकारा करतो, पंच आपला अहवाल देतात, दंड वसूल होतात आणि पुढच्या वर्षी जे शेत गव्हाखाली येणार त्याच्यासाठी नव्या पंचांना शपथ दिली जाते. दंडाच्या रकमा मोठ्या नसतात. पण ज्या शेतकऱ्यांबरोबर तुम्हाला आयुष्य काढायचं आहे, त्यांच्यासमोर तुमचं नाव आणि चूक वाचली जाणं ही शिक्षा पैशापेक्षा भारी असते. शिवाय आज जो दंड भरतो, तोच पुढच्या वर्षी पंच म्हणून दुसऱ्याच्या पट्ट्यात उभा असतो. वर्षानुवर्षं दिवाणी कोर्टात खितपत पडलेले हद्दीचे दावे ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना या साध्या यंत्रणेचं महत्त्व चटकन कळेल.

कोर्टाच्या नेमणुकांमध्ये पिंडर हेही एक पद आहे. मोकाट गुरं पकडून कोंडवाड्यात घालायची आणि मालकाकडून दंड घेऊन सोडायची, हे त्याचं काम. गावात तो जुना कोंडवाडा अजून आहे.

या कोर्टाला कायद्याने काही अधिकार आहे का?

आहे. इंग्लंडमध्ये अशी गावकोर्टं एकेकाळी सर्वत्र होती, पण हळूहळू त्यांची कामं सरकारी न्यायालयांकडे गेली. १९७७ च्या न्यायप्रशासन कायद्याने उरलेल्या कोर्ट लीटांचे न्यायिक अधिकार काढून घेतले. काही ठिकाणी ती समारंभापुरती भरतात. लॅक्स्टनचं कोर्ट मात्र या कायद्यातून वगळलं गेलं, कारण त्याच्या अधिकारावर प्रत्यक्ष शेती अवलंबून होती.

साइक्स म्हणजे काय?

शेतांच्या मधून जाणारे ओढे-नाले आणि सखल, ओलसर जागा, जिथे नांगर चालवणं शक्य नव्हतं. त्या तशाच गवताच्या पट्ट्या म्हणून राहिल्या. या पट्ट्या सामाईक असल्याने त्यांच्यावरचं गवत उन्हाळ्यात लिलावाने विकलं जातं. शेकडो वर्षं नांगर आणि खत न लागल्याने तिथे जुन्या गवताळ रानातली फुलझाडं टिकून राहिली, आणि म्हणून लॅक्स्टनच्या साइक्सना निसर्गसंरक्षणाचा अधिकृत दर्जा मिळाला आहे. मुद्दाम जंगल राखायला कुणी निघालं नव्हतं. गावाने नियम पाळले आणि फुलं वाचली.

इंग्लंडच्या बाकी भागात ही पद्धत का संपली?

लोकरीला भाव आला तेव्हापासूनच जमीनदारांनी सामाईक जमिनी कुंपण घालून वेगळ्या करायला सुरुवात केली होती. पण मोठा घाव संसदेने घातला. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि ६८ लाख एकरांहून जास्त जमीन, म्हणजे इंग्लंडच्या क्षेत्रफळाचा पाचवा हिस्सा, त्यांच्याखाली आली. त्यातला बराच भाग १७५० नंतरच्या शंभर वर्षांतला.

या कायद्यांच्या बाजूने मांडलं जाणारं म्हणणं असं: सलग जमीन मिळाली की शेतकरी नवी पिकं घेतो, निचरा सुधारतो, गुरांची निवड करतो. यात तथ्य आहे. पण गायरानावर एक गाय आणि चार बदकं पाळून जगणाऱ्या गरिबाकडे दाखवायला कागद नव्हता. त्याची चराई गेली, सरपण गेलं, आणि पदरात मजुरी आली. उत्पादन वाढल्याचे आकडे मांडताना या माणसाचा हिशेब सोडून देणं मला पटत नाही.

लॅक्स्टन कसं वाचलं?

थोडं योगायोगाने, थोडं जाणीवपूर्वक. इथेही १८व्या आणि १९व्या शतकात गावाच्या कडेच्या बऱ्याच जमिनी बंदिस्त झाल्याच. पण मधली मोठी शेतं राहिली. गावातले दोन बडे जमीनमालक, अर्ल मॅन्व्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो, यांचं आपसात जमलं नाही म्हणून काम अर्धवट राहिलं, असं सांगितलं जातं.

पुढे २०व्या शतकाच्या सुरुवातीला मॅन्व्हर्स इस्टेटने लहान लहान पट्टे जोडून मोठे केले. जुन्या पद्धतीच्या अभ्यासकांना याची हळहळ वाटते. माझ्या मते मात्र त्या जोडणीनेच पद्धत तगली. हातभर रुंदीच्या तुकड्यात यंत्र कसं फिरणार होतं? १९५२ मध्ये ही पद्धत टिकावी या हेतूने शेती मंत्रालयाने इस्टेट विकत घेतली. १९८१ मध्ये ती राजघराण्याच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेली आणि २०२० मध्ये पुन्हा थोर्स्बी इस्टेटकडे, म्हणजे मॅन्व्हर्स घराण्याच्याच वारसांकडे आली. या प्रत्येक वळणावर नवा मालक नियम पाळील का, ही धाकधूक गावाला होती.

१६३५ च्या नकाशाची एवढी चर्चा का होते?

कारण एका साध्या खेड्याचा इतका तपशीलवार नकाशा त्या काळातला क्वचितच सापडतो. मार्क पिअर्स या मोजणीदाराने चर्मपत्रावर तो काढला आणि जोडीला कुणाचा कोणता पट्टा याची नोंदवही केली. नकाशावर प्रत्येक पट्टा आहे, घरं आहेत, आणि मधूनमधून नांगरणारी, पीक काढणारी, शिकारीला निघालेली माणसंही रंगवलेली आहेत. सध्या तो ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. तो समोर ठेवून आजच्या शिवारात फिरलं तर कित्येक रस्ते आणि हद्दी जुळतात.

लॅक्स्टनचा आपल्याकडच्या इतिहासाशी काही धागा आहे का?

आहे, आणि तो याच नकाशातून निघतो. नकाशा करवून घेणारा गावचा मालक होता सर विल्यम कोर्टेन, लंडनचा धनाढ्य व्यापारी. बार्बाडोसच्या वसाहतीत त्याचा पैसा होता. नकाशा झाला त्याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबर १६३५ मध्ये, राजा पहिल्या चार्ल्सने त्याच्या व्यापारी मंडळाला पूर्वेकडे व्यापाराची परवानगी दिली, आणि ईस्ट इंडिया कंपनीला घरातूनच प्रतिस्पर्धी उभा राहिला. जॉन वेडेलच्या नेतृत्वाखाली या मंडळाची जहाजं १६३६ मध्ये निघाली आणि गोव्याला पोचली, तिथून पुढे चीनला गेली. नंतर कारवारला त्यांनी वखारही घातली. कोर्टेन स्वतः मात्र १६३६ मध्येच वारला. कोकण किनाऱ्याच्या व्यापाराचा इतिहास वाचताना हे नाव भेटतं, पण त्याच माणसाकडे नॉटिंगहॅमशायरमधलं हे शिवार होतं हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरा धागा विचारांचा आहे. १८६२ ते १८६९ या काळात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य असलेल्या हेन्री मेनने इंग्लंडला परतल्यावर भारतातली गावं आणि युरोपातली जुनी खुली शिवारं यांची तुलना मांडली. दोन्हीकडे आधी सामूहिक मालकी आणि नंतर खासगी, असा त्याचा सिद्धांत. पुढच्या अभ्यासकांनी त्यातला सरधोपटपणा दाखवून दिला. भारतीय गावाला गोठलेला भूतकाळ समजण्याची त्याची दृष्टी तर आज मान्य होणारच नाही.

गाव दिसतं कसं?

इंग्लंडच्या इतर भागात जमिनी सलग झाल्यावर शेतकरी गाव सोडून आपापल्या मळ्यात घरं बांधून राहिले. लॅक्स्टनमध्ये पट्टे चहूकडे विखुरलेले असल्याने कुणीच हललं नाही. शेतकऱ्यांची घरं, कोठारं, गोठे आजही मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. लाल विटा, कौलं, बऱ्याच घरांची आढ्याची बाजू रस्त्याकडे, आणि मागे लांबच लांब परसू. रस्त्यात ट्रॅक्टर आणि चिखल दिसला तर नवल नको.

गावाच्या उत्तरेला किल्ल्याची टेकाडं आहेत. ११व्या शतकात फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांच्या काळातला हा मातीचा किल्ला: मधे उंच टेकाड, त्याला खंदक आणि बाहेर आवार. इमारत काही उरलेली नाही, पण मातीकाम उत्तम टिकलं आहे. शेरवुडच्या राजजंगलाची राखण वंशपरंपरेने करणाऱ्या एव्हरिंगहॅम घराण्याचं हे ठाणं. सेंट मायकेल चर्चमध्ये त्या घराण्यातल्यांच्या आडव्या मूर्ती आहेत आणि त्यातली एका स्त्रीची मूर्ती लाकडाची आहे. त्याआधीचा लेखी पुरावा म्हणजे १०८६ चं डूम्सडे दप्तर, इंग्लंडच्या राजाने करवून घेतलेली जमिनींची नोंद. त्यात हे गाव आहे, आणि जेफ्री अल्सेलिन हा त्याचा नॉर्मन मालक.

गावाजवळ होलोकॉस्ट संग्रहालय आहे, ते इथे कसं?

नाझी अत्याचारांची आठवण आणि शिक्षण यासाठीचं हे केंद्र १९९५ मध्ये एका स्थानिक कुटुंबाने सुरू केलं. गावाच्या शेतीच्या इतिहासाशी त्याचा संबंध नाही. पण लॅक्स्टनला गेलात तर त्यासाठी वेगळा वेळ ठेवा, तिथून घाईने निघता येत नाही.

ही शेती परवडते का? की हे पर्यटकांसाठी आहे?

ही खरीखुरी शेती आहे. कसणारी कुळं मोजकीच, आणि खुल्या शिवारातल्या पट्ट्यांबरोबर त्यांच्याकडे बंदिस्त शेतंही असतात. घर त्या सगळ्यावर मिळून चालतं. नुसत्या पट्ट्यांवर कुणाचं भागणार नाही. कुळ सोडून गेलं तर नवं कुळ असं हवं की ज्याला पंच व्हायची, चिखलात फिरायची आणि पीक निवडताना गावाचं ऐकायची तयारी आहे. पुढचा धोका मला इथेच दिसतो. जमिनीला मालक मिळेल, पण नियम पाळणारी घरं कमी झाली तर पंच कुठून आणायचे?

पाहायला जायचं तर कसं आणि कधी?

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून नेवार्कला थेट रेल्वे आहे. तिथून पुढे मोटार असलेली बरी. डव्हकोट इनशेजारी छोटं माहिती केंद्र आहे, तिथून सुरुवात करा. शेतांमधून सार्वजनिक पायवाटा आहेत, त्या सोडून पिकात पाय टाकू नका. जून-जुलैमध्ये साइक्समध्ये फुलं असतात आणि तिन्ही शेतांचे वेगवेगळे रंग दिसतात. पट्ट्यांच्या हद्दी पाहायच्या तर मात्र नोव्हेंबरच्या शेवटी, गहू नुकताच उगवून आल्यावर जा. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट न्यायला विसरू नका.